पेट-चित्रणात दिसते ते आणि दिसत नाही ते

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त राजा घाट, काशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी विषय मंगल असावा असा संकेत आहे. काशीतील मराठी विद्वत्परंपरा, गागाभट्टांचे घराणे, अहिल्याबाईंनी उभारलेले विश्वनाथाचे मंदिर, यांवर अधिकाराने बोलू शकतील अशी मंडळी या सभेतच बसली आहेत. मी वैद्यकातला माणूस, आणि त्यातही किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने शरीराचे चित्र काढणाऱ्या शाखेतला. कार्यवाहांनी आग्रह धरला, की हल्ली घराघरांतून पेट-स्कॅनचे अहवाल येतात, शेजारीपाजारी ते एकमेकांना वाचून दाखवतात, आणि त्यांतील शब्द कोणालाच लागत नाहीत. तेव्हा त्यांविषयी बोलावे. मी जठराचा कर्करोग निवडला. या चित्रणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही ज्या रोगात एकाच वेळी दिसून येतात, असा हा रोग आहे.

ज्या घाटाच्या पायऱ्या चढून आपण आलो, तो अमृतराव पेशव्यांचा. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे थोरले बंधू. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून वार्षिक सात लाखांच्या नेमणुकीवर ते उत्तरेकडे आले, त्यांनी हा घाट बांधून काढला, आणि १८२४ मध्ये काशीतच त्यांचे देहावसान झाले. त्या काळी दक्षिणेतून येणारा वृद्ध गृहस्थ काशीला येई तो बहुधा परत न जाण्यासाठी. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच वाटेने येथे आले. आज मात्र पूर्वांचलातून, बिहारातून रोज शेकडो माणसे काशीला येतात ती बरे होऊन घरी जाण्याच्या इच्छेने. लहरतारा येथील जुने रेल्वे कर्करोग रुग्णालय २०१८ मध्ये टाटा स्मारक केंद्राकडे आले आणि होमी भाभा कर्करोग रुग्णालय झाले. हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात महामना मालवीयांच्या नावाने दुसरे केंद्र उभे राहिले. दोहोंचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तत्पूर्वी येथील कितीतरी कुटुंबे रोग्याला घेऊन महानगरी एक्सप्रेसने मुंबईस जात, दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते पाहत, आणि तेथून परळला टाटा रुग्णालयात खेटे घालीत. ते रुग्णालय १९४१ चे. त्याच परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये किरणोत्सर्ग-वैद्यक केंद्र काढले, आणि देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन व त्याबरोबर पेट-चित्रण २००२ मध्ये तेथेच सुरू झाले. तेव्हा आजचा विषय परका नाही. त्याचे भारतातील माहेर परळ आहे, एवढे सांगून पुढे जातो.

आता रोगाकडे वळू. जठराचा कर्करोग आपल्या देशात ईशान्येकडे, विशेषतः मिझोराममध्ये, फार आढळतो. गंगेच्या या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचा उपद्रव अधिक आहे. परंतु जठराचाही रोगी येथे दुर्मीळ नाही, आणि तो आला की बहुधा उशिरा येतो. उशीर का होतो, हे आपल्या घरांत शिरून पाहिल्यास कळते. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, वजन उतरते, चेहरा पांढुरका पडतो, शौचास काळे होते, आणि आपण म्हणतो, पित्त झाले आहे. मग आवळा, कोकमाचे सार, धने-जिऱ्याचे पाणी, औषधाच्या दुकानातून आणलेल्या आम्लनाशक गोळ्या. त्या गोळ्यांनी काही दिवस बरे वाटतेही, आणि तेच घातक ठरते. पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने उद्भवलेले पित्त चार आठवड्यांत गेले नाही, किंवा त्याबरोबर वजन व रक्त कमी होत असेल, तर एंडोस्कोपी करून घ्यावी. पाचदहा मिनिटांचे काम आहे. जठरात दुर्बीण घालून तुकडा घेतल्याखेरीज या रोगाचे निदान होत नाही. पेट-स्कॅनने तर नाहीच नाही. हा पहिला गैरसमज येथेच दूर करतो.

निदान झाल्यावर दुसरा प्रश्न, रोग कोठवर पोचला आहे? यालाच अवस्था ठरविणे म्हणतात. अर्बुद जठराच्या भिंतीच्या किती थरांतून आरपार गेले, भोवतालच्या किती लसीकाग्रंथींत शिरले, आणि दूरच्या अवयवांत त्याने वस्ती केली किंवा कसे, या तीन गोष्टींवरून अवस्था ठरते. हा केवळ वर्गीकरणाचा सोस नव्हे. रोग भिंतीतून बाहेर पडून जवळच्या ग्रंथींपर्यंत गेला असेल, पण तेथेच असेल, तर आधी केमोथेरपी, मग जठर व ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी अशी वाट आहे, आणि त्या वाटेने काही रोगी खरोखर बरे होतात. परंतु यकृतात, हाडांत, दूरच्या ग्रंथींत किंवा उदरावरणावर रोग पोचला असेल, तर जठर काढून टाकण्याने बहुधा आयुष्य वाढत नाही; उलट उरलेल्या महिन्यांतील कित्येक आठवडे जखम भरण्यात आणि जेवण पुन्हा शिकण्यात जातात. तेथे औषधांचा मार्ग धरावा लागतो. म्हणजे अवस्थेच्या एका आकड्यावर माणसाचे पोट उघडायचे की नाही हे ठरते. पोट उघडून, आत सर्वत्र पसरलेला रोग पाहून, काही न करता पुन्हा शिवून टाकणे ही पूर्वी शल्यगृहात नेहमी घडणारी गोष्ट होती. ती टाळणे हाच या साऱ्या तपासण्यांचा हेतू.

येथे पेट-चित्रण येते. काशीत या नावाने मोठी गंमत होते. हिंदीत पेट म्हणजे पोट. त्यामुळे फुप्फुसाच्या रोग्याला पेट-स्कॅन लिहून दिला की नातेवाईक विचारतात, ‘पोटाला तर काही झालेले नाही, मग?’ आणि जठराच्या रोग्याचे नातेवाईक अगदी निश्चिंत होतात, की नेमकी तपासणी सांगितली! वास्तविक ते इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे. त्याचा अर्थ पॉझिट्रॉन नावाच्या कणांच्या साहाय्याने काढलेले छेदचित्र. मराठी माणसाने मात्र ‘पेटणे’ हे क्रियापद ध्यानात ठेवावे. ते अर्थाच्या अधिक जवळ जाते.

पॉझिट्रॉन म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन. डिरॅक यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या समीकरणातून तो डोकावला आणि १९३२ मध्ये अँडरसन यांना तो प्रत्यक्ष आढळला. फ्लुओरिन-१८ या किरणोत्सर्गी मूलद्रव्यातून तो बाहेर पडतो, फार तर एकदोन मिलिमीटर जातो, आणि एखाद्या साध्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नष्ट होऊन त्यांच्या जागी दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. रोग्याभोवती संवेदकांचे कडे असते. कल्पना करा, की या सभागृहात आपण सारे वर्तुळ करून बसलो आहोत, दिवे गेले आहेत, आणि समोरासमोरच्या दोघांना एकाच क्षणी हाक ऐकू आली. हाक देणारा त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी आहे हे उघड झाले. अशा लक्षावधी रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे द्रव्य साठले आहे, असे यंत्र गणिताने काढते.

आता ते द्रव्य कर्करोगात का साठावे? बर्लिनच्या ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखविले, की अर्बुदाच्या पेशी साखर अधाशासारख्या खातात. म्हणून साखरेच्या एका रेणूत थोडा फेर करून त्यावर फ्लुओरिन-१८ बसवितात. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिली प्रक्रिया करते, पण पुढे पचवू शकत नाही. ते आतच अडकून राहते आणि तेथून दोन-दोन किरणांच्या हाका देत राहते. १९७६ मध्ये हे द्रव्य प्रथम माणसाला टोचले गेले. सी. टी. स्कॅन आकार दाखवितो, पेट-चित्रण पेशींचा व्यवहार दाखविते. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत दोन्ही यंत्रे एकत्र आणली गेली आणि आज जो आपण करतो तो पेट-सी. टी. असा जोडतपास रूढ झाला. यालाच रेण्वीय चित्रण असे भारदस्त नाव आहे.

या द्रव्याचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. सायक्लोट्रॉनमधून निघाल्यावर सुमारे पावणेदोन-दोन तासांत ते निम्मे, साडेपाच तासांत एक-अष्टमांश उरते. ते साठवून ठेवता येत नाही. ज्या गावी सायक्लोट्रॉन नाही तेथे ते मोटारीने वा विमानाने आणावे लागते. ‘सकाळी आठला या’ असे सांगितलेल्या रोग्याने वाटेत संकटमोचनाचे दर्शन घेऊन अकराला येऊ नये, याचे कारण हे आहे.

आता मुद्द्याचे बोलू. जठराच्या कर्करोगात ही तपासणी कितपत उपयोगी? जेथे रोग साखर खातो तेथे फार उपयोगी. डाव्या हाडक्यावरची, म्हणजे गळ्याखालच्या हाडामागची लहानशी ग्रंथी, यकृतातील एखादा ठिपका, कण्यातील एखादे हाड अशा अनपेक्षित ठिकाणी ती बोट ठेवते. सी. टी. मध्ये आकाराने साधी वाटणारी ग्रंथी पेटमध्ये लख्ख पेटलेली दिसते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झालेल्या ११३ रुग्णांच्या अभ्यासात, आधीच्या तपासण्यांना न दिसलेला दूरचा रोग पेट-सी. टी.ने सुमारे १० टक्के रुग्णांत दाखवून दिला. दहातील एकाचे निरर्थक ऑपरेशन टळणे ही थोडी गोष्ट नव्हे.

पण दुसरी बाजूही ऐका. नेदरलँड्समध्ये १८ रुग्णालयांनी मिळून ३९४ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पेट-सी. टी.मध्ये दूरचा रोग आढळला तो सुमारे ३ टक्के रुग्णांत. आणि पोटाला लहान छिद्र पाडून आत दुर्बीण घालण्याच्या, म्हणजे लॅप्रोस्कोपीच्या तपासणीत उदरावरणावरचा किंवा काढता न येणारा रोग आढळला सुमारे १९ टक्क्यांत! इतके महाग यंत्र मागे पडावे आणि साधी दुर्बीण पुढे जावी, हे कसे?

त्याचे कारण या रोगाच्या स्वभावात आहे. जठराचा कर्करोग दूर जातो तो पुष्कळदा रक्तावाटे नव्हे. भिंत फोडून तो उदराच्या पोकळीत पेशी सांडतो, आणि त्या आतड्यांवर, पडद्यांवर मोहरीएवढ्या, कधी राजगिऱ्याएवढ्या दाण्यांनी रुजतात. अर्ध्या सेंटिमीटरहून लहान वस्तू पेट-चित्रणाला बहुधा दिसत नाही. दुर्बिणीने पाहणाऱ्या डोळ्याला ती दिसते. आणि डोळ्यालाही न दिसणाऱ्या मोकळ्या पेशी, पोकळी धुऊन ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले की सापडतात. दुसरे असे, की या कर्करोगाचा एक प्रकार साखरेचा भुकेलाच नसतो. त्यात पेशी गटाने वाढत नाहीत. सुट्यासुट्या भिंतीत झिरपतात, जठर चामड्याच्या पखालीसारखे ताठ करून टाकतात. काहींच्या पोटात इतका श्लेष्मा भरलेला असतो, की केंद्रक कडेला सरकून पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. या अंगठी-पेशींच्या पृष्ठावर साखर आत ओढणारे वाहक कमी असतात. परिणामी अत्यंत उग्र रोग चित्रात जवळजवळ विझलेला दिसतो. त्यातच जठराची निरोगी भिंतही थोडी साखर घेते, तेव्हा मंद उजेडात मंद दिवा शोधण्यासारखे होते.

समजा, ब्रह्माघाटावरचे अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. हे पात्र कल्पित आहे, पण कोणत्याही गल्लीत सापडेल. एंडोस्कोपीत अर्बुद आहे, तुकड्यात अंगठी-पेशी आहेत. मुलगा पुण्याहून धावत आला आहे. पेट-स्कॅनच्या अहवालात लिहिले आहे, की दूरच्या अवयवांत विशेष ग्रहण आढळले नाही. घरात पेढे वाटण्याची वेळ येते. तो मुलगा मला विचारील तर मी सांगेन, की या अहवालाचा अर्थ ‘रोग पसरलेला नाही’ असा नाही. ‘या द्रव्याला पसरलेला दिसला नाही’ एवढाच आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी लॅप्रोस्कोपी केली का, पोकळीचे पाणी तपासले का, हे शल्यविशारदांना विचारा. विचारण्यात त्यांचा अवमान नाही. उलट, हा प्रश्न ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यापेक्षा समोरची खुर्ची ओढून देणारा डॉक्टर निवडावा.

याच्या उलट चूकही घडते, आणि आपल्या देशात ती विशेष घडते. साखर कर्करोगच खातो असे नाही. क्षयाने सुजलेली ग्रंथीही चित्रात तशीच पेटते. छातीतील ग्रंथी उजळलेल्या दिसल्या, की ‘चौथी अवस्था’ असे घाईने लिहिले जाते, घरचे हातपाय गाळतात, आणि बरा होऊ शकणारा माणूस शस्त्रक्रियेला मुकतो. ज्या एका ठिपक्यावर साऱ्या उपचाराची दिशा ठरणार, त्याचा सुईने तुकडा घेऊन तो खरोखर कर्करोग आहे याची खात्री करावी, हा नियम माझ्या मते अलंघ्य आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आतडी उजळतात. काशीच्या पौषातल्या थंडीत कुडकुडत आलेल्या तरुण रोग्याच्या मानेत व खांद्यांत तपकिरी चरबी पेटते, आणि ती नवशिक्याला ग्रंथींसारखी भासते. म्हणून इंजेक्शनच्या आधी आणि नंतर रोग्याला घोंगडी पांघरून उबेत ठेवायचे. कोट्यवधी रुपयांचे यंत्र आणि वीस हातांचे काम एका घोंगडीवाचून फसू शकते.

अलीकडे या क्षेत्रात एक आशादायक गोष्ट घडली आहे. अर्बुदात कर्करोगाच्या पेशींभोवती तंतुमय ऊतींचा गराडा असतो. त्या तंतुपेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे द्रव्य जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विकसित झाले. २०१८ पासून त्याविषयीचे निबंध येऊ लागले. साखरेशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे अंगठी-पेशींचा रोग आणि उदरावरणावरचे दाणे त्याने पुष्कळ अधिक स्पष्ट दिसतात, असे अनेक अभ्यासांतून आढळले आहे. त्याला लागणारे गॅलियम-६८ सायक्लोट्रॉनवाचून, टेबलावर मावणाऱ्या जनित्रातून मिळते, ही आपल्यासारख्या गावांच्या दृष्टीने सोयीची बाब. तथापि अभ्यास बहुतेक लहान आहेत, यकृताचे जुने विकार व भरत आलेल्या जखमाही त्यात उजळतात, आणि दुर्बिणीला त्याने रजा दिलेली नाही. कोणी ‘नवा स्कॅन, सर्व काही दिसते’ अशी जाहिरात दाखविली तर जरा थांबावे.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलतो. ती यंत्राची नाही. अहवाल हाती येताच थोरला मुलगा किंवा जावई मला बाजूला घेतो आणि म्हणतो, ‘दादांना काही सांगू नका.’ त्यामागची माया मला कळते. परंतु चौथ्या अवस्थेतही आज करण्यासारखे पुष्कळ असते. तुकड्यावर हर-टू नावाच्या प्रथिनाची तपासणी करून योग्य रुग्णाला लक्ष्यवेधी औषध देता येते, काहींना प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे लागू पडतात, अन्नमार्ग बंद झाला तर नळी बसविता येते, वेदना तर जवळजवळ नेहमीच आटोक्यात आणता येते. या प्रत्येकात निवड आहे, आणि निवड ज्याचे शरीर त्याची. किती केमोथेरपी सोसायची, रत्नागिरीच्या घरी एकदा जाऊन यायचे की नाही, धाकट्या मुलीचे लग्न आधी उरकायचे का, हे दादांनी ठरवायचे आहे. ज्या नगरीत माणसे मृत्यूचा विचार करून मुद्दाम राहायला आली, त्या नगरीत राहणाऱ्या वृद्धाला आपण त्याचे नाव काढू नये म्हणून दाराआड कुजबुजतो, हे मला तरी विपरीत वाटते. एकदम सारे सांगावे असे मी म्हणत नाही. तो विचारील तेवढे खरे सांगावे, आणि त्याला विचारायला जागा ठेवावी.

ज्यांची मुले दूर आहेत, किंवा ज्यांचे आईवडील महाराष्ट्रात आहेत आणि आपण येथे आहोत, त्यांच्यासाठी व्यवहाराचे थोडे. दुसरे मत घ्यायचे असेल तर केवळ कागदी अहवाल पाठवू नये. मूळ चित्रांची तबकडी मागून घ्यावी. अहवाल हे एका डॉक्टरांचे वाचन आहे, चित्र हा पुरावा आहे. बायॉप्सीची काच व मेणाचा ठोकळा रुग्णालयातून मिळतो, तोही मागावा. तारखा लिहून ठेवाव्यात. केमोथेरपीआधीचे चित्र आणि नंतरचे चित्र शक्यतो एकाच यंत्रावर काढलेले असावे, म्हणजे तुलना खरी होते. तपासणीआधी सहा तास पोटात पाण्याखेरीज काही नको, चहाचा घोटही नको, आणि मधुमेह असल्यास तो आधी सांगावा. इंजेक्शननंतरचा तासभर स्वस्थ पडून राहावे, बोलू नये, पान-सुपारी चघळू नये, कारण चालणारा स्नायूही साखर मागतो. बनारसी माणसाला हा तास सर्वांत कठीण जातो.

व्याख्यानानंतर एका आजींनी विचारलेला प्रश्न येथे नोंदवून ठेवतो. तपासणीहून घरी आल्यावर नातवाला मांडीवर घेता येईल का? त्या दिवशी पुष्कळ पाणी प्यावे आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून संध्याकाळपर्यंत थोडे दूर बसावे. बारा तासांत किरणोत्सर्ग शंभराव्या भागाच्या आसपास येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे.